कुंदाताईंचा फोटो

वर्धा, मंगळवार, संध्याकाळ

जेवण गेलंच नाही. आमच्या संरक्षण खात्याच्या ऑफिसात आज नवे कॉम्प्युटर लागले. जुन्यांच्या हार्डडिस्क ड्रिलनं भोकं पाडून निकामी करायच्या होत्या. काम माझ्याकडे. सकाळीच कुंदाताई आल्या. नवरा गेल्यावर त्याच्याच जागेवर लागलेल्या, त्याचाच कॉम्प्युटर वापरायच्या.

"मॅडम, याच्यात आमच्या ह्यायचा एक फोटो हाय. तेवढा मले काढून द्या ना."

मी मान वर न करताच म्हटलं, "नियमात बसत नाही."

खरं तर मला काम लवकर उरकायचं होतं. साहेबांना विचारलंसुद्धा नाही.

दुपारी साहेबांजवळ सहज विषय काढला तर म्हणाले, "फोटोच ना? प्रिंट काढून द्यायची होती." तोवर डिस्कला भोक पडलं होतं. एक फोटो! मग कुंदाताईंना काय सांगितलं मी? "साहेब नाही म्हणाले." का बोलले मी असं?

सुटताना त्या गेटजवळ लेकीशी फोनवर बोलत होत्या. "मॅडमनं लय खटपट केली वं, पण साहेबच नाई म्हणे."

मला पाहून त्यांनी हात जोडले.

मीही जोडले.