घेतली, पण नेली नाही

बाई, तुम्हाला एका मुलीबद्दल विचारायचं आहे. तुम्ही असता तर संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले असते, आणि तुम्ही मासे साफ करता करता, पाठमोऱ्याच, सगळं ऐकून घेतलं असतं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. शाळेत तुम्ही आम्हा मुलींना हॉकी शिकवायचात. मी आता नवीन पनवेलच्या एका कॉलेजात तेच करते. इतकी वर्षं करूनही एक गोष्ट मला उलगडलेली नाही, आणि ती या मुलीमुळे पुन्हा वर आली.

मुलगी उरणकडची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वडील मासेमारीला जातात, आई पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसते. पहिल्या वर्षाला आली तेव्हा तिच्याकडे फक्त वेग होता. बॉल मिळाला की मान खाली घालून जी सुटायची, ती गोलपाशीच थांबायची. मधे कोण आपलं, कोण परकं, काही नाही. तरी गोल व्हायचे, भरपूर व्हायचे. आता मुलींच्या हॉकीची लीग असते, बाई, टीव्हीवर दाखवतात. मोसमाआधी संघ पाळीपाळीने खेळाडूंची नावं घेतात. ज्याने नाव घेतलं, त्याची ती खेळाडू. एका संघाने हिचं नाव घेतलं. कॉलेजात पेढे वाटले, फाटकावर तिच्या फोटोचा बॅनर लागला. आणि मग त्या संघाच्या कोचचा मला फोन आला. "मुलगी आमचीच, पण इतक्यात नको. तिला बॉल दिसतो, खेळ दिसत नाही. दोन मोसम तुमच्याकडे, कॉलेजात खेळू दे. मग बघू." त्या 'मग बघू'चा अर्थ त्यांनी सांगितला नाही, पण मला कळला.

तिचे वडील कॉलेजात आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात हेल्मेट. "घेतली म्हनता, मंग नेत का नाय?" मी समजावून सांगितलं. त्यांनी हेल्मेट मांडीवर ठेवलं. "म्हंजे साखरपुडा झाला, लगीन नाय." मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती तशीच म्हणाली, "आन मोडला तं?" तुम्ही काय म्हणाला असतात?

मी तिला पुढच्या फळीतून काढलं आणि मधल्या फळीत, हाफला खेळवायला लागले. मधे उभं राहिलं की मान वर करावीच लागते, एवढाच माझा हिशेब. बाकी सगळं तुमचंच. मला आठवीतली ती दुपार अजून स्वच्छ दिसते. मी बॉल घेऊन धावतेय, समोर कोणी नाही, आणि तुमची शिट्टी वाजते. "थांब. वळू नकोस. तुझ्या मागे डावीकडे कोण आहे?" मला सांगता येत नाही. सगळ्या मुली बघतायत. तुम्ही म्हणता, "मग तू एकटी खेळतेयस. एकटीनं खेळायचं तर घरी जा, भिंतीशी खेळ." मी घरी गेले आणि रडले. दुसऱ्या दिवशी शनिवार, तुम्हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. शनिवारी तुम्ही मैदानावर येत नसायचात, त्यामुळे मला रडायला आणखी एक दिवस मिळाला. रविवारी तुम्ही मलिद्याचा डबा घेऊन आलात. गूळ-खोबऱ्यात कालवलेले ते पोहे तुम्ही सगळ्यांच्या आधी माझ्या हातावर ठेवलेत आणि शुक्रवारबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. ते माझी समजूत काढणं होतं, की तुमच्या घरी काही कार्य होतं आणि मलिदा उरला होता, हे मला आजतागायत माहीत नाही.

तर तीच शिट्टी मी हिच्यावर वाजवली. आधी ती ठोकून द्यायची, कुठलंही नाव. मग गप्प राहायला लागली. तिचा खेळ सुधारायच्या ऐवजी बिघडला. ना धड धावणं, ना धड पास. पहिला मोसम जवळजवळ गोलाशिवाय गेला. मॅडमनी चांगल्या मुलीचं वाटोळं केलं, असं मुली माझ्या पाठीमागे म्हणायच्या, आणि मला ते ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. एकदा सरावानंतर ती स्टिक काखेत धरून माझ्यापुढे उभी राहिली. "मॅडम, मना परत पुढं खेलवा. गोल नाय झालं तं ते लोक मना इसरतील." ती चूक बोलत नव्हती. मी 'बरं' म्हणणारच होते. का नाही म्हणाले, सांगता येत नाही. "दिवाळीपर्यंत थांब," म्हणाले. दिवाळी झाल्यावर म्हणाले, "होळीपर्यंत." बाई, तुम्हीही आम्हाला असंच पुढे ढकलत होता का? की तुम्हाला खरंच काही दिसत असायचं?

आणि मग ते झालं, अगदी साध्या दिवशी. मुरुमाच्या मैदानावर सराव चालला होता, पलीकडे रिक्षावाले चहा पीत उभे होते. मी शिट्टी वाजवली. मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "डावीकडं मागं नवीन आलेली पोर हाय. तिच्या पायात लचक हाय, तिला पास नाय देनार." मी बघितलं. ती नवीन मुलगी खरंच लंगडत होती, आणि माझ्याही लक्षात आलेलं नव्हतं. "तुला कसं कळलं?" ती स्वतःच बुचकळ्यात पडली. "काय म्हायती. दिसाय लागला." काल नव्हतं आणि आज आहे, ते आलं कुठून? मी शिकवलं म्हणावं, तर तोच धडा मी तिच्याबरोबरच्या सगळ्या मुलींना दिला होता.

दुसऱ्या मोसमात विद्यापीठांच्या स्पर्धेत तो लीगचा कोच तिला बघायला आला. सामना बरोबरीत, वेळ संपत आलेली. तिने दोघींना चुकवलं, गोलपुढच्या अर्धवर्तुळात, डीमध्ये शिरली, पुढे फक्त गोलकीपर. पूर्वीची ती असती तर डोळे मिटून मारलं असतं. तिने मान न वळवता बॉल मागे उजवीकडे दिला. तिथे आमची एक मुलगी मोकळी होती. तिने मारला आणि बॉल खांबाला लागून बाहेर गेला. पुढे पेनल्टीवर आम्ही हरलो. कोच कोणाशी न बोलता निघून गेला. मी तिला विचारलं, "तू का नाही मारलास?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "ती मोकली व्हती ना."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. तिचे वडील बाजारात भेटले तरी नजर चुकवायचे. बहुतेक मला लाज वाटू नये म्हणून. मग कोचचा फोन आला. "तो पास पाहिला. पाठवा तिला." पनवेल स्टेशनवर वडिलांनी तिची किटबॅग डब्यात चढवली, खाली उतरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता नेली."

लीगमध्ये ती अजून बहुतेक वेळ बाकावरच असते. एका सामन्यात उत्तरार्धात थोडा वेळ उतरली. दोन पास चांगले दिले, एक बॉल गमावला. पुढे काय होईल, कोण सांगणार.

परवा तिचा फोन आला. तिथल्या मुली विचारतात, हे तुला कोणी शिकवलं? ती सांगते, मॅडमनी, आणि मॅडमना त्यांच्या बाईंनी. मग तिने मलाच विचारलं, "तुमच्या बाई कशा खेलायच्या, मॅडम?" मी म्हणाले, "उजव्या बाजूनं. फार वेगात." बाई, हे मी मनाचं सांगितलं. तुम्हाला खेळताना मी एकदाही पाहिलेलं नाही. तुमच्या हातात स्टिक असायची, ती कोणी कुठे उभं राहायचं हे दाखवायला. तुम्ही कधी खेळलात का, कोणाबरोबर, कुठल्या गावात, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. तुमची भावंडं केव्हाच परदेशी गेली. ज्याला जाऊन विचारावं असं पनवेलमध्ये आता कोणी नाही, आणि हे पत्र टाकायलाही पत्ता नाही. तिला फोन करून खरं सांगावं असं रोज मनात येतं, आणि मी सांगत नाही. कारण तुम्ही उजव्या बाजूनेच खेळत असणार, असं मला अजूनही वाटतं.