रिमवरचं तेल

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम.

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि आज पहिल्यांदा तुला पत्र लिहायला बसलोय. एवढे दिवस का नाही लिहिलं? लिहिलं असतं तर एकच गोष्ट लिहावी लागली असती, आणि नेमकी तीच मला टाळायची होती. आज टाळून चालणार नाही. तुझी सुनंदा कासारवाडीला मैत्रिणीकडे गेलीय, नोकरी नको म्हणून अर्ज लिहून आणायला. उद्या सकाळी तो पोस्टात पडेल. तासाभरात ती दापोडीला माझ्याकडे परत येईल, त्याच्या आत मला हे संपवायचंय.

हो, नोकरी नको म्हणतेय! तुझ्यासारखीच नर्स झाली पोरगी. चाकणच्या पलीकडे, तुझ्या जुन्या आरोग्य केंद्रापासून दोन गावं पुढे नेमणूक आलीय. साहेबांनी एवढंच सांगितलं की स्वतःची सायकल पाहिजे, वाड्या-वस्त्या फिराव्या लागतील. ती नाचतच घरी आली होती. म्हणून काल आम्ही दोघं सायकल बघायला गेलो.

दुकानदारानं दोन काढून दाखवल्या. एक हलकी, बारीक टायरची, रंगीत. दुसरी काळी, दणकट, जाड टायरची. सुनंदानं दोन्ही उचलून पाहिल्या आणि मला विचारलं, "मामा, डांबरीवर पळेल आणि खडीवरही टिकेल, अशी यातली कुठली?"

मी काय म्हणालो माहितीय? म्हणालो, "कुठलीच नाही. तुझ्या आईनंही अशीच पारखून घेतली होती. खडीच्या उतारावर घसरली आणि मनगट मोडून बसली. तुला ठाऊक नाही का?"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. दुकानदारानं लगेच माझी री ओढली, "ताई, मामा खरं सांगतात राव, ती खडी लई वाईट." तिनं दोन्ही सायकली जागेवर लावल्या आणि घराकडे वळली. जेवताना म्हणाली, "मी नाही म्हणून कळवते, मामा. आईला जमलं नाही ते मला काय जमणार?"

आणि मला बरं वाटलं! इथेच एखाद्या कंपनीत पॅकिंगला लागेल, डोळ्यांसमोर राहील, असं मनात आलं. पण ती "आईला जमलं नाही" म्हणाली ना, ते मात्र मला सोसवत नाहीये.

तुझी सायकल घ्यायला गेलो होतो तो दिवस आठवतो? आठ-नऊ वर्षं झाली. मी नुकताच टर्नर म्हणून पर्मनंट झालो होतो, त्यामुळे जगातलं सगळं लोखंड मलाच कळतं असा माझा समज. मी हलक्या सायकलीसाठी हटून बसलो. नाशिक रस्त्यावर कशी पळेल, कशी वळेल, दुकानदारापुढे व्याख्यानच दिलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "दाम्या, तुझं शानपन मशीनपाशी ठिव. मला उतरणीला थांबनारी पायजे."

मग ती काळी सायकल तू थेट स्टेशनच्या बाजूला नेलीस, जिथे रुळांसाठी खडी टाकली होती. लुगड्याचा काष्टा मारून त्या खडीवर चार चकरा मारल्यास! माणसं थांबून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तू मात्र उतरून शांतपणे टायर दाबून पाहिलंस, म्हणालीस, हीच. डांबर संपलं की हवा थोडी सोडायची, परत डांबरावर आलं की पंप मारायचा, हे तुला कुणी शिकवलं होतं? मला अजून कळलेलं नाही. एका सायकलीत तू दोन्ही रस्ते बसवलेस, आणि माझ्या हलक्या सायकलीचं नाव पुन्हा निघालं नाही.

ते मला लागलं होतं गं. म्हणून महिनाभरानं तुझ्याकडे आलो तेव्हा ठरवलं, निदान सायकल अशी चमकवून देतो की बाई बघत राहील.

आमच्या कंपनीत शिफ्ट सुटण्याआधी मशीन पुसायचं, आणि जेवढा भाग चकाकतो तेवढ्यावर तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे गंज धरत नाही. फोरमननं पहिल्याच महिन्यात हे असं अंगवळणी पाडलं होतं की हात आपोआप फिरायचा. तुझी सायकल धुतली, पुसली. हँडल चकाकत होतं, त्याला तेल. घंटीला तेल. रिमा चकाकत होत्या. त्यांनाही तेल! दोन्ही चाकांना, सगळीकडून, अगदी मन लावून. ब्रेकची रबरं ज्याला धरतात तोच लोखंडाचा भाग मी तेलानं माखून ठेवला. आणि म्हणे टर्नर!

तू खूश झालीस. तेवढ्यात वाडीवरून माणूस आला, बाईला कळा सुरू झाल्यात म्हणून. तू पिशवी कॅरिअरला बांधलीस आणि निघालीस. मी तुझ्या अंगणात बसून चहा पीत होतो.

उतारावर तू ब्रेक दाबले असशील. पुन्हा दाबले असशील. त्या क्षणी तुला काय वाटलं असेल, हे मी किती वेळा मनात आणून पाहिलंय! तू बाभळीच्या कुंपणात गेलीस. मनगट मोडलं, कोपर सोलून निघालं. तशीच उठून पिशवी घेऊन मैलभर चालत गेलीस, आणि सुईणीला सांगत सांगत एका हातानं ते बाळंतपण पार पाडलंस. मुलगी झाली, सुखरूप. मग कुठे दवाखान्यात गेलीस.

मी सायकल आणायला त्या कुंपणापाशी गेलो. चाक धरलं आणि बोटं घसरली. तिथंच मला कळलं.

दवाखान्यात आलो तेव्हा तू माझ्या हाताकडे पाहिलंस. तुलाही कळलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालीस, "हात पूस आन् च्या पी." बास, एवढंच. डॉक्टरांनी विचारलं तर सांगितलंस, खडीवरून घसरले.

का केलंस असं, अक्का? एक थोबाडीत मारायची होतीस! त्या एका वाक्याची तुला केवढी किंमत पडली. दाजी म्हणाले, बाईमाणसाला सायकल झेपत नाही, विकून टाका. गावात लोक हसले. साहेबांनी शेरा मारला. प्लॅस्टर निघाल्यावरही तीन महिने तू वाड्यांवर पायी फिरलीस, तेव्हा कुठे दाजींनी सायकलला पुन्हा हात लावू दिला. मी दर रविवारी यायचो, ते सगळं ऐकायचो आणि गप्प राहायचो. तू नवऱ्यासमोर माझी लाज राखलीस. मी तुझं नाव राखलं नाही.

वर कालचं हे! तू माझ्यासाठी खोटं बोललीस, आणि तेच खोटं मी तुझ्या लेकीला भीती घालायला वापरलं. काळजीपोटी, असं स्वतःला सांगत होतो. काळजी होतीच. पण ती सायकलवर बसली, त्याच उतारावरून धडधाकट खाली गेली, तर एक दिवस विचारेल ना, आई मग कशी पडली? त्याचीही भीती होती.

गाडी आली वाटतं. लोक स्टेशनातून बाहेर पडतायत. घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

तुला वचन देतो. ती दारात आली की चप्पल काढायच्या आत सांगेन, तुझी आई घसरली नव्हती, मामानं तिचे ब्रेक घालवले होते. हे पत्रही तिच्या हातात देईन, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही. मग त्या अर्जाचं काय करायचं ते तिचं ती ठरवेल. आणि त्यानंतर तिनं मला मामा म्हणायचं सोडलं, तर मी तुझ्याकडे तक्रार घेऊन येणार नाही.

तुझा,
दामू