पाचवं वटवाघूळ

३ मार्च
पोचले एकदाची. खोली ऐसपैस, खिडकीखालीच टेबल, उजेड म्हणाल तर पोटभर. जुन्या चिनी मीनाकारीच्या अकरा फुलदाण्यांची डागडुजी करायची आहे. मालकीणबाई मधाळ बोलतात. घरात त्या, आणि वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले सासरे. बस्स.

४ मार्च
फुलदाण्यांवर जिकडेतिकडे शुभचिन्हं. पीच म्हणजे दीर्घायुष्य, डाळिंब म्हणजे लेकरांनी भरलेलं घर. वटवाघूळ तर चक्क भाग्याचं, कारण चिनी भाषेत दोन्ही शब्दांचा उच्चार एकच. मला त्याची शिसारी येते, पण इथली वटवाघळं लालचुटुक आणि गुबगुबीत आहेत.

६ मार्च
सर्वांत मोठीवर पाच वटवाघळं हवीत, एकेका वरदानाचं एकेक: आयुष्य, संपत्ती, आरोग्य, सद्गुण आणि शेवटी शांत मरण. आहेत चारच. पाचव्याच्या जागी उघडं तांबं. मीना आपोआप उडालेला नाही, कुणीतरी टोच्यानं खरवडलाय. मालकीणबाई म्हणाल्या, घरातल्याच एकानं पूर्वी मुद्दाम काढलं, तेवढं राहू द्या.

९ मार्च
बाई बाहेर गेल्या होत्या. वरून कण्हणं ऐकू आलं म्हणून पाणी घेऊन गेले. एक नव्हे, चार खाटा. सासरे, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा. चौथ्या खाटेवर तान्ह्या मुलाएवढं काहीतरी वाळलेलं, डोळे मात्र टक्क उघडे. सासऱ्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "पोरी, ते पाचवं पुन्हा बसव. आम्हाला जाऊ दे."

१० मार्च
निघून जायला हवं होतं. पाय निघेना. लाल काच कुटली, तारेचे पंख वळवले. तेवढ्यात बाई दारात. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पाचवं नाही तोवर या छपराखाली राहणाऱ्या कुणालाच मरण नाही. "ते बसलं तर मीही जाईन. मला नाही जायचं."
फुलदाणी उचलून त्या वर निघाल्या. मी जिन्यात गाठलं, ओढली— त्यांनी ढकललं—

११ मार्च
मान मोडल्याचा आवाज मीच ऐकला. तरी श्वास चालू. दुखतंय. फार दुखतंय.

१३ मार्च
पाचवी खाट. माझी. उजवा हात तेवढा हलतो, वही-पेन खिशातच राहिलं होतं. फुलदाणी समोरच्या फळीवर— चार पावलांवर— पोचत नाही.
सासरे रडतात. माझी माफी मागतात.

तारीख माहीत नाही
खाली आई आलीय. आईचाच आवाज. बाई सांगताहेत, काम अर्धवट टाकून गेली हो, न सांगता. आई पुन्हा पुन्हा विचारतेय. मला ओरडता येत नाही. खाट हलवून पाहते— वाजत नाही—
आई आता दाराशी. चपला घालतेय. आई, मी वर आहे, वर बघ, एकदा फक्त व