एक लिटर पाण्याची शर्यत

बाई, आज माझ्या स्वयंपाकघरात एक प्रयोग झाला, आणि तुम्ही असता तर पदर खोचून मध्येच उभ्या राहिला असता. तुमचा वर्ग सुटून, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं. बाकी कुणाला सांगायला जावं तर म्हणतील, पाणी उकळलं, त्यात एवढं काय! काय म्हणजे? मी या घरात राहायचं की पुण्याला मुलाच्या दारात जाऊन बसायचं, हे त्या पाण्यावर ठरायचं होतं.

झालं असं की गेल्या आठवड्यात चहाचं पाणी गॅसवर ठेवून मी कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेले. वर गेल्यावर खालचं सगळं डोक्यातून गेलं. पाणी आटलं, पातेलं जळलं, शेजारी ठेवलेलं फडकं पेटलं. शेजारच्या भाभींनी भिंतीवरून हाका मारल्या म्हणून मी धावत खाली आले. भाभींनी तेवढ्यावर थांबायचं ना! त्यांनी माझ्या मुलाला फोन केला. मी जाब विचारायला गेले तर म्हणाल्या, "व्हय, केला फोन. करनारच. तुमी जळून गेल्या तर म्या भांडायचं कुनाशी, मॅडम?"

मुलगा आज सकाळी दोन खोकी घेऊन हजर. एकात विजेची किटली, एकात इंडक्शनची शेगडी. बूट काढायच्या आधी म्हणाला, "आई, एक तर हा गॅस जाईल, नाहीतर तू माझ्याकडं चल. एकटीनं राहायचं तर घरात आग नको." मी आयुष्यभर जळकोटच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवलं, आणि हा मला आग शिकवतोय! तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. मी म्हणाले, "मला उठल्याबरोबर चहा लागतो. तुझी खेळणी गॅसपेक्षा हळू निघाली तर खोकी परत न्यायची आणि विषय बंद."

"आणि लवकर पाणी उकळलं तर?"

"तर बघू."

"बघू नाही. तर गॅस बंद."

"लाव," मी म्हणाले. भाभी पंच म्हणून स्टूल घेऊन दारात बसल्या. शर्यतीत उतरवायला मायक्रोवेव्हही रिकामा केला. त्यात मी पापडाचे डबे ठेवते.

पहिल्याच फेरीत किटली इतकी लवकर उकळली की मुलानं दोन्ही हात वर केले. गॅसवरच्या पातेल्यात अजून तळाला बारीक बुडबुडेसुद्धा धरले नव्हते. मी क्षणभर गार पडले. आणि मग बाई, मला एकदम तुमची प्रयोगशाळा दिसली. उन्हाळ्याची दुपार आहे, खिडकीचे गज तापलेत, माझं उत्तर सगळ्या वर्गापेक्षा वेगळं आलंय आणि मी घाईघाईनं सूत्र म्हणून दाखवतेय. तुम्ही वही मिटता. "सूत्र नंतर. सुरुवात कुठून केलीस?" मला कळत नाही. तुम्ही मला हाताला धरून खिडकीशी नेता आणि माझं बोट त्या बादलीत बुडवता, जिच्यातलं पाणी मी घेतलं होतं. सकाळपासून उन्हात होती ती. सगळा वर्ग हसला होता. आज मात्र मीच मुलाचं मनगट पकडलं आणि नळाखाली धरलं. चटका बसला त्याला. गच्चीवरची टाकी, धाराशिवचं ऊन! यानं किटली नळावर भरली, आणि मी सवयीप्रमाणं पातेलं माठातून भरलं. "सुरुवात कुठून केलीस?" मी इतक्या जोरात ओरडले की भाभी स्टुलावरून उठल्या. "अगं बाई, मॅडमच्या अंगात आलं!"

मग मी सूत्रं हातात घेतली. सगळं पाणी एका बादलीतलं, सगळ्यांना मापून एक लिटर, आणि प्रत्येक भांड्यावर झाकण. झाकणाचं मला तुमच्या खोलीत कळलं होतं. तुमच्याकडं पंपाचा स्टोव्ह होता, पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता, आणि मी निरोप घेऊन आले म्हणून तुम्ही मला चहाला बसवलं. दोन कप मोजून पाणी ठेवलं, वर ताटली झाकली. मी ती उगाच उचलून बघितली, तर म्हणालात, "डोकावू नकोस. तू बघितल्यानं उकळत नाही." एकट्या राहत होता तुम्ही, आणि किती ऐटीत! तोवर बाईमाणसानं एकटं राहणं म्हणजे कीव करायची गोष्ट, असंच मी ऐकत आले होते.

इंडक्शनवर माझं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं ठेवलं तर ते यंत्र नुसतं चीं चीं करून बंद पडलं. फ्रिजवरचं लोहचुंबक काढून एकेका भांड्याला लावून बघितलं, आणि ज्या भांड्याला ते चिकटलं ते घेतलं. मुलगा मोबाइलवर वेळ धरून, भाभी बोट उगारून, मी ओट्याशी. किटली पहिली. तिच्या मागोमाग इंडक्शन. गॅस बऱ्याच वेळानं. मोठ्या बर्नरच्या ज्वाळा पातेल्याच्या बाजूनं वर चालल्या होत्या, म्हणजे निम्मी उष्णता स्वयंपाकघराला. मायक्रोवेव्ह सगळ्यात शेवटी. मी हरले होते आणि टाळ्या वाजवत होते.

मुलगा रेग्युलेटरकडं निघाला. "थांब," मी म्हणाले, "भाकरी?" तो थबकला. इंडक्शनवर भाकरी फुगत नाही, हे त्यालाही माहीत आहे. मी त्याला समोर उभं केलं आणि वर्गात विचारायची तसं विचारलं, "तव्यावर भाकरी टाकून कधी कुणी गच्चीवर गेलंय का? ती उलटावी लागते, पाणी फिरवावं लागतं, विस्तवावर धरावी लागते. भाकरी माणसाला जागचं हलू देत नाही. पाणी ठेवून आपण जातो. म्हणून पाणी किटलीत; ती उकळल्यावर आपोआप बंद होते. दूध इंडक्शनवर, वेळ लावून. गॅस फक्त भाकरीला."

भाभी म्हणाल्या, "मान की रे. भाकरीच्या वक्ताला म्या येऊन बसते. दोन मलाबी मिळतील."

"आणि बाकीच्या वेळी?"

"रेग्युलेटर बंद, मी स्वतः करीन. आणि भाभी रोज तुला चुगली करतीलच."

तो हसला. पुण्याचा विषय तिथंच मिटला. बाई, मी राहतेय! याच घरात, माझ्या वेळेला उठून.

तो संध्याकाळी गेला. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून त्याला न सांगितलेली एक गोष्ट लिहिते. निकाल दुसऱ्या फेरीतच लागला होता. तिसरी मी खात्रीसाठी घेतली, तेही ठीक. पण नंतर मी म्हणाले, व्होल्टेज कमी असणार, चौथी घेऊ. व्होल्टेज चांगलं होतं, पंखा गरगर फिरत होता. तो ओट्यावर पाय सोडून बसला होता, लहानपणी बसायचा तसा, आणि त्याची दुपारची गाडी निघून जाईपर्यंत मी पाणी मोजत राहिले.