साखरेची भुते खोटी होती, असा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान मामलेदारसाहेब,
तालुके रत्नागिरी, यांचे सेवेशी

अर्जदारीण: सत्यवती कोम विठू नागवेकर, वय वर्षे ३७, धंदा घरी गोडधोड करून विकणे, राहणार मौजे नारिंगवाडी, भाट्ये खाडीपलीकडे.

विषय: ता. ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी टेकडीवरील बंगल्यात वाढलेली भुते नारळसाखरेची होती व ती माणसांनी खाल्ली, असा सरकारी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ: ता. २१ नोव्हेंबर रोजी ग्रामदेवीच्या देवळात माझ्याविरुद्ध झालेला कौल.

महोदय,

१. मी वरील मौजेची कायम रहिवासी असून माझे यजमान सहा वर्षांमागे वारले. मूलबाळ नाही. देवदिवाळीस आमच्या ग्रामदेवीस जो पहिला गोड नैवेद्य दाखवतात, तो करण्याचा मान नागवेकरांच्या थोरल्या घराचा आहे. सासूबाई माझ्या लग्नाच्याच वर्षी गेल्या, तेव्हापासून चोवीस वर्षे तो नैवेद्य माझ्या हातचा आहे. यंदा देवदिवाळी १० डिसेंबरास आहे आणि तो मान माझ्याकडून काढून घेतलेला आहे. ज्याने काढवला तो माझा सख्खा धाकटा दीर रावजी आहे. हे लिहिताना हात थांबतो, परंतु अर्जात थांबून चालत नाही.

२. सदरहू रावजी टेकडीवरील इंजिनिअरसाहेबांच्या बंगल्यात बटलर आहे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या पडवीत येऊन बसला व अगदी रडकुंडीस आला. विलायतेत ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी भुतांचा सण करतात, त्यास हॅलोवीन म्हणतात (रावजी हालवीण म्हणतो), त्या दिवशी मुले भुतांची सोंगे घेतात व गोड खातात, असे त्याने सांगितले. मडमेस वीस मुलांपुरते गोड हवे होते, आणि रावजीस अंडी उकडण्यापलीकडे काही येत नाही. "वैनी, मडमेला भुतांचा खाऊ करून हवाय. तू नाय केलंस तर माजी नोकरी ग्येली समज," हे त्याचे शब्द. जसेच्या तसे लिहिले आहेत, कारण पुढचे सर्व प्रकरण त्या शब्दांवर आहे.

३. करण्यास काही अवघड नव्हते, हे प्रामाणिकपणे नमूद करते. मडमेने कागदावर भूत काढून दिले होते. ते पांढरे, डोक्याकडे निमुळते, हातपाय नसलेले व चेहऱ्याने गरीब होते. आमच्याकडची भुते अशी नसतात, परंतु हुकूम तो हुकूम. नारळाचे पांढरे तेवढेच खवले, साखर घालून मंद विस्तवावर आटवले, आणि गरम असतानाच तुपाच्या हाताने एकेक भूत उभे केले. डोळ्यांस काळे मनुके लावले. अशी साठ भुते झाली. तांबड्या भोपळ्यास मडमेने सुरीने डोळे व दात कोरून आत मेणबत्ती ठेवली. आतला गर ती फेकून देणार होती, तो मी मागून घेतला, गुळात शिजवला व तांदळाच्या पिठात मळून घारगे केले. घारग्यांसही तोंड कोरा, असे तिने रावजीकरवी सांगितले. भोक पाडलेला घारगा फुगत नाही, हे मी दोनदा बजावले. फुगले नाहीतच, तेव्हा मडम टाळ्या वाजवून म्हणाली की असेच भेसूर हवेत. कणकेची बोटे तळून त्यांस नखांच्या जागी काजूची पाकळी लावली, आणि आमसुलाचा रस साखरेत आटवून रक्त केले. या सर्व कामात कोणताही मंत्र, उतारा, लिंबू किंवा कोहळा वापरलेला नाही. भोपळा वापरला, पण तो तांबडा.

४. मडमेने कोठेतरी उकडीचे मोदक पाहिले होते, त्यांसच डोळे लावावेत असे तिने सुचवले. मी साफ नकार दिला. मोदक गणपतीचा आहे, त्याचे भूत मी करणार नाही, मग बंगला राहो की जावो. तेव्हा रावजी माझ्याच बाजूला उभा राहून "बरोबर हाय वैनीचा" असे म्हणाला होता. तोच रावजी आता गावात सांगत फिरतो की वहिनीने मोदकांची भुते केली. मोदकास कळ्या असतात. माझ्या साठ भुतांपैकी एकासही कळी नव्हती, हे हुजुरांस माहीत आहेच.

५. माहीत आहे असे लिहिण्याचे कारण, त्या दिवशी सायंकाळी हुजूर स्वतः आपल्या मुलांसह बंगल्यात पाहुणे होते. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. हुजुरांनी दोन भुते व एक बोट खाल्ले आणि "वा, भूत फार उत्तम साधले आहे," असे उद्गार काढले. ते ऐकून मला झालेला आनंद मी लपवत नाही. आमच्या गावी माझ्या हातचे सर्वजण खातात, पण चांगले झाले असे तोंडाने म्हणण्याची रीत नाही. त्या रात्री मी सुखाने झोपले. रावजीस डबाभर घारगे त्याच्या घरी द्यायला बांधून दिले, तेही त्याने नेले.

६. आता देवळातील मजकूर. देवदिवाळीस आमच्या वेशीवर भुताखेतांचा वाटा ठेवतात, अळणी भात व नारळ. जो हात तो वाटा शिजवतो, त्याने देवीचा नैवेद्य करायचा नाही, हा जुना शिरस्ता आहे व मी तो मानते. ता. २१ रोजी देवळात मंडळी जमली असता रावजी हात जोडून उभा राहिला व म्हणाला, "वैनीनं भुतांना खाऊ घातला. मी माज्या डोळ्यांनी बघितलाय." मी खांबाशी बसले होते. प्रथम मला वाटले तो थट्टा करतो आहे. मग बाबू गुरवाने देवीस फुले लावून विचारले, "सत्यवतीनं भुतांना घातलं असेल तर उजवी दे," आणि उजवे फूल पडले. मान धाकट्या घरी, म्हणजे रावजीची बायको हौसा हिच्याकडे गेला. हौसेचा पाक अद्याप एकतारीसही येत नाही. निकाल ऐकून तिने पदर तोंडास लावला, तो रडण्यासाठी की हसण्यासाठी हे मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हिराने माझी वाटी परत केली, आतल्या वड्यांसह.

७. हुजूर, मी मराठी चार इयत्ता शिकलेली आहे आणि विभक्ती मला पाठ आहेत. माझ्या पडवीत रावजी "भुतांचा खाऊ" म्हणाला, ती षष्ठी. देवळात "भुतांना खाऊ" म्हणाला, ती चतुर्थी. गव्हाची खीर आपण गव्हाला वाढत नाही. भुतांचा खाऊ म्हणजे भुतांच्या आकाराचा खाऊ, भुतांनी खायचा नव्हे. एका प्रत्ययाने माझी चोवीस वर्षे गेली. मी हे देवळातही सांगितले, परंतु तेथे विभक्ती येणारे कोणी नव्हते, आणि पोलीसपाटील म्हणाले, "बाय, शाळा सुटली. आता गप बस." देवीस मी दोष देत नाही. तिला जे विचारले त्याचेच उत्तर ती देणार.

८. ता. २३ रोजी मी खाडी ओलांडून बंगल्यावर गेले. मडमेने दोन ओळी लिहून द्याव्यात, एवढेच मागणे होते. खाऊ करताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, म्हणून मला भरवसा होता. ती पायरीवर आली, इंग्रजीत काही बोलली, आणि माळी दाजी याने त्याचा अर्थ सांगितला: तो खाऊ आमच्या रावजीने केला, या बाईस आम्ही ओळखत नाही. रावजीस त्याबद्दल उत्तम स्वयंपाकी म्हणून चिठ्ठीही मिळाली आहे. म्हणजे बंगल्यात भुते रावजीने केली, आणि देवळात ती मी केली. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाच्या आहेत. तेव्हा तो मडमेच्या मागे ट्रे धरून उभा होता. मी त्याच्याकडे पाहत होते, तो ट्रेकडे पाहत होता. भुते त्यानेच केली असतील तर विटाळ त्याच्या हाताला आहे, आणि मी केली असतील तर ती चिठ्ठी खोटी आहे. यांपैकी एक काहीतरी सरकारने ठरवावे.

९. देवी खोटे बोलत नाही व रावजीही खरे बोलला, असे घटकाभर धरून चालू. तर मग खाऊ खाणारे सर्व भुते ठरतात. खाणाऱ्यांत वीस मुले होती. ती पांढऱ्या चादरी पांघरून व तोंडास काजळ फासून आली होती, तेव्हा त्यांच्याबद्दल मी शपथेवर काही सांगू शकत नाही. परंतु इंजिनिअरसाहेब होते, त्यांची मडम होती, आणि हुजूर होते. हुजुरांनी चादर घेतलेली नव्हती. आमचे गाव तालुक्याच्या मामलेदारास भूत समजते, ही गोष्ट मी एकटीने पोटात ठेवणे बरे नव्हे, म्हणून नम्रपणे कळवीत आहे. पोलीसपाटलांनी त्या दिवशी याचा विचार केलेला दिसला नाही.

१०. सबब विनंती की, सदर भुते नारळ, साखर, भोपळा, कणीक व आमसूल यांची होती, ती जिवंत माणसांनी खाल्ली, व त्यांत मी, मामलेदार, खुद्द हजर होतो, असा दाखला हुजुरांच्या सहीशिक्क्याने १० डिसेंबरपूर्वी मिळावा. कौल दुसऱ्यांदा लावता येतो, मात्र त्यास नवा पुरावा लागतो, असे बाबू गुरवाने मला एकांतात सांगितले आहे. सोबत मडमेने काढलेले चित्र व काल केलेले एक भूत केळीच्या पानात बांधून जोडले आहे. ओल्या नारळाचे असल्यामुळे त्याचा निकाल दोन दिवसांत व्हावा.

११. असा दाखला देणे कायद्यात बसत नसेल, तर दुसरी विनंती आहे. मग मलाच सरकारदप्तरी भूत म्हणून लावून घ्यावे. माझ्या हातचे कोणी खात नाही. माझ्या दारावरून जाताना लोक भराभर पावले उचलतात. मी या घरात आले तेव्हा रावजी सात वर्षांचा होता, आई गेल्यावर आठ दिवस तो माझ्याखेरीज कोणाच्या हातचा घास घेत नव्हता, आणि मीही तेव्हा तेरा वर्षांची पोरच होते. तो माणूस आज मला समोर पाहूनही पाहत नाही. यापेक्षा अधिक पुरावा कोणत्या भुताजवळ असतो? एकदा मी मेलेली ठरले की पितृपक्षात माझे पान ठेवणे नागवेकरांच्या पुरुषावर पडते, आणि आता त्या घरात पुरुष एकच आहे. चोवीस वर्षे मी रावजीला घातले. त्याच्या हातचे एक पान मला अजून यायचे आहे.

हुजुरांच्या निकालाकडे डोळे लावून बसलेली, आपली नम्र आणि तूर्त जिवंत,

सत्यवती कोम विठू नागवेकर
दस्तुर खुद्द

मुक्काम नारिंगवाडी
ता. २८ नोव्हेंबर १९३१