अझाराच्या शेतातलं बोअर

१२ जुलै
सलीमची सुट्टी परत पुढं ढकलली. घानाच्या उत्तरेला पेरण्या झाल्या आणि पाऊस गायब. मका करपला. आता गावोगाव बोअर मागतायत, मालक म्हणतो बोअरची गाडी थांबवायची नाही. "एकच महिना, कसम से." हा एकच महिना मार्चपासून चाललाय. नवरा तिकडं, आणि सोलापुरात बसून मी काय, दिवस मोजायचे?

१९ जुलै
त्यांच्या टोळीचा स्वयंपाक करणारी एक बाई आहे, अझारा. पहिलं बी जळालं. मग खायला ठेवलेला मका होता, तोच पेरला. स. म्हणाला, "पानं सुरळी होऊन उभी हायत. बघवत न्हाय."
सासरी मैंदर्गीत उलटं. मे महिन्यातच एवढा कोसळला, की अब्बांना (सासरे) रानात पाय ठेवता येईना.
नववीला हवामान बदलाचा धडा घेतला. एक पोरगी : "मॅडम, हे परीक्षेला येतंय का?" चिडले. उगाच.

४ ऑगस्ट
अझाराच्या बांधावर बोअर मारलं. नुसता फुफाटा. दुसरं मारलं, तेच. तिथली म्हातारी माणसं म्हणतात, पूर्वी या दिवसांत विहिरी भरलेल्या असायच्या, आता दोर पुरत नाही. "लोक माझ्याकडं असं बघतात, जसं मीच सगळं पाणी पिलोय."
मी म्हटलं, मग या की घरी.
तर म्हणे, जेवायला हाक मारतायत, ठेवतो.

२३ ऑगस्ट
मैंदर्गीला जाऊन आले. उडीद काढणीला आला आणि पाऊस हटेना. शेंगेतच मोड फुटलेत. अब्बांनी मूठभर हातावर घेऊन दाखवला.
स. ला सांगितलं, तर म्हणे, "थोडा पाऊस हिकडं पाठव." चेष्टा! फोन कट केला. चपलांचा चिखल अजून वाळला नव्हता माझ्या.
नंतर वाईट वाटलं. पण फोन नाही केला.

३० ऑगस्ट
भांडण. गाडी दुसऱ्या गावाला निघाली, तर बायका पुढं येऊन बसल्या. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही, नुसत्या बसल्या. अझारा पण. तिचा नवरा दक्षिणेला कोकोच्या मळ्यात मजुरीला गेलाय. मालक फोनवर ओरडतोय, गाडी काढ. हा काढत नाही.
"तिसरं मारतो. माझ्या जबाबदारीवर."
"आणि आमची जबाबदारी?"
"तुला नोकरी हाय, अब्बा हायत. तिला कोण हाय?"
खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. नोकरी आहे म्हणून नवरा नको?

११ सप्टेंबर
पाणी लागलं. ओढ्याकडच्या कोपऱ्यात, लई खोल. मका गेला तो गेलाच. आता यावर भेंडी, कांदा होईल म्हणतो, पण पंप बसवून देईपर्यंत... पुढचं ऐकलंच नाही मी.
मग व्हिडिओवर अझारा आली. माझ्याच वयाची असेल. ओंजळभर पाणी फोनपुढं धरून काहीतरी सांगत होती, हसत होती. मला म्हणायचं होतं, बाई, आता माझा माणूस परत पाठव. भाषा कुठली आणायची? मी पण हसले.
स. ने फोन परत घेतला. "पंपासाठी थांबू, का तिकीट काढू? तू सांगशील तसं."
तिकडं गेल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.
"कुकर लागलाय, नंतर बोलते," म्हटलं आणि ठेवला.
कुकर लावलाच नव्हता.