घरचे आवाज

३ नोव्हेंबर
पुंडलिकनगरात खोली मिळाली. तिसरा मजला, एक खिडकी, एक पंखा. पंख्याचा खडखडाट असा, की आपण पिठाच्या गिरणीत राहायला आलोय असं वाटावं. तरी मजा वाटली. पहिल्यांदाच स्वतःच्या खोलीची किल्ली खिशात आहे. कामही असं, की गावात सांगून कुणाला पटणार नाही: शहरातला गोंगाट मोजायचा. आमच्या संस्थेचं अ‍ॅप तीनशे लोकांच्या मोबाइलवर आहे. रोज दुपारी एक वाजता ज्यानं त्यानं मोबाइल दहा मिनिटं खिडकीत ठेवायचा. आवाज किती, ते नकाशावर ठिपक्यानं उमटतं. शांत तिथं हिरवा, गोंगाट तिथं लाल. मी नवे लोक जोडायचे आणि रोज माझाही ठिपका भरायचा. त्यासाठी संस्थेनं वेगळा मोबाइल दिलाय.

आईचा फोन आला. बाबा गेल्यापासून ती सिल्लोडजवळच्या आमच्या गावात एकटीच असते. जेवला का रं सुदर्शन, एवढं विचारलं आणि मग अर्धा तास कापूस आणि शेजारची कडूबाई.

७ नोव्हेंबर
आमच्या प्रमुख श्रेया मॅडम आज सगळ्यांसमोर हसल्या. चिकलठाण्याला विमानतळाशेजारी राहणाऱ्यांचे ठिपके पिवळे, आणि माझा लालभडक. पंख्यानं अब्रू घालवली. मॅडमनी तोड सांगितली. अ‍ॅपमध्ये ‘घरचे आवाज’ अशी यादी आहे. पंखा, नळ, मिक्सर, जो आवाज आपला असेल तो पाच मिनिटं रेकॉर्ड करून यादीत टाकायचा. मग तो वजा होतो आणि नुसता रस्त्याचा गोंगाट उरतो. पंखा टाकला.

९ नोव्हेंबर
पंखा मुकाट फिरतोय. घरमालक राजेंद्रभाऊंनी तेलपाणी केलं असणार. भला माणूस.

ठिपका मात्र लालच, आणि आता कारण आई. तिचा फोन नेमका एक वाजता येतो. कापूस वेचताना ती भाकरी खायला बांधावर बसते ती तेव्हाच. उचलला नाही तर घाबरते, म्हणून एकीकडे मोजणी चालू आणि एकीकडे स्पीकरवर आई. शेतात बोलायची सवय, त्यामुळे आवाज दोन गल्ल्यांना पुरेल एवढा. दुसऱ्या वेळेला करत जा म्हणालो, तर म्हणाली, मंग कव्हा करू, तेवढाच इसावा असतो. मला राग आला आणि हसूही आलं. खरं तर दिवसभरात माझ्याशी बोलणारी तीच एक.

१२ नोव्हेंबर
शेवटी आईलाही यादीत टाकलं. तिला सांगितलं नाही. यंदा कापूस कसा आहे, एवढंच विचारलं. पाच मिनिटं ती बोलायची थांबलीच नाही. ठिपका हिरवा झाला. मॅडमनी ग्रुपवर शाबासकी दिली. या शहरात मला कुणी चांगलं म्हणालं ते पहिल्यांदाच. फार बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर
एक वाजता आईचा फोन. वारा ऐकू आला, बांगड्या वाजल्या, पण आई बोलली नाही. रेंज नसेल.

१४ नोव्हेंबर
आजही तसंच. बाया हसतायत, कुत्रं भुंकतंय. मी नुसता आई, आई करत राहिलो.

जिन्यात राजेंद्रभाऊ भेटले. पंख्याबद्दल आभार मानले. ते म्हणाले, मी तर हातही लावला नाही. खोलीत येऊन स्टुलावर चढलो, पंख्याजवळ कान नेला. वारा लागतो. आवाज नाही.

१६ नोव्हेंबर
कडूबाईचा फोन. म्हणाली, तुझी माय त्वांड हालवती पर आवाज निघत नाय. सिल्लोडच्या डॉक्टरनं घसा तपासला. घशात काही नाही.

मी केलं हे. मीच.

१७ नोव्हेंबर
मॅडमच्या पाया पडलो. आईला यादीतून काढा. त्यांना काही खरं वाटलं नाही, सुट्टी घे म्हणाल्या. पण काढायची रीत सांगितली: तोच आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा, अ‍ॅप ओळखतं आणि काढून टाकतं.

तो आवाज आता आणू कुठून?

ताईच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. आई गाणं म्हणते तिथं बांगड्या आहेत, टाळ्या आहेत. ओठ हलतात. आई नाही —

१९ नोव्हेंबर, गाव
आई बोलत राहते. सवयीनं. तिचं तिलाही ऐकू येत नाही. तिच्या गळ्यावर हात ठेवला, थरथर लागते. मी काय केलं ते सांगितलं. रडलो. तिनं पाठीवरून हात फिरवला आणि काहीतरी म्हणाली. बराच वेळ म्हणत होती —

२० नोव्हेंबर
आई म्हैस धुवायला बंधाऱ्यावर गेलीय. घरामागंच, हाकेच्या अंतरावर. मी ओट्यावर लिहितोय. सगळं शांत —

पाऊण तास झाला. काही लागलं तर हाक मारेल, म्हणून मी —

म्हैस आली. दावं ओढत. एकटीच.

हाक आली नाही. नाही — हाक आलीच असेल — मी इथंच बसून — आई किती वेळ —